प्रदर्शनासाठी तट्टू तयार करताना

प्रदर्शनासाठी खोंड कसा तयार करावा हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. घोड्याच्या बाबतीत मात्र तसे नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्यात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत उमदी जनावरे दिसतात, पण परीक्षक जवळ येताच त्यांतील अनेक मागे सरतात, कान पाडतात. मालक लगाम हिसडतो आणि जनावर आणखीच बिथरते. अशा वेळी दोष जनावराचा नसून आदल्या चार महिन्यांचा असतो.

आपल्या भागाला सोयीचे जनावर म्हणजे भीमथडी तट्टू. भीमेच्या खोऱ्यातील हे ठेंगणे, काटक तट्टू मराठेशाहीच्या फौजेत होते आणि धनगर बांधवांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन आजही चालते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद आहे. मान जेथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत उंची मोजावी. सर्वसाधारणपणे ती १४७ सें.मी.पेक्षा कमी असल्यास जनावर तट्टू समजतात.

ओळख आधी, शिकवण नंतर

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. त्याला बहुतेक सगळीकडचे दिसते. फक्त कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या सरळ मागचे दिसत नाही. म्हणून नेहमी डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जवळ जावे. नवीन तट्टू आणल्यावर पहिले पंधरा दिवस काहीही शिकवू नये. एकाच माणसाने, ठरलेल्या वेळी पाणी दाखवावे, खरारा करावा, चारही खूर उचलून साफ करावेत. तट्टू मान खाली सोडून, मागचा एक पाय ढिला ठेवून आपल्याजवळ उभे राहू लागले म्हणजे त्याचा विश्वास बसला असे समजावे.

पुढची शिकवण दोरीची. दोरी हलकेच ताणावी आणि तट्टूने एक पाऊल टाकताच त्याच क्षणी सैल सोडावी. दोरी सैल होणे हेच त्याचे बक्षीस. दरवेळी हातातून गूळ चारणाऱ्यांचे तट्टू खिसे हुंगते व पुढे चावते, हे मी अनेकदा पाहिले आहे. रोज २० मिनिटे पुरेत. चौरस उभे राहणे, सरळ रेषेत चालत जाऊन परत येणे आणि ओठ उचलून दात दाखवणे या तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. वयाचा गट दातांवरून ठरतो. अडीच वर्षांच्या सुमारास पक्क्या दातांची पहिली जोडी, साडेतीनला दुसरी व साडेचारला तिसरी येते. ओठ उचलण्याचा सराव शेजाऱ्याकडूनही करून घ्यावा, कारण परीक्षक परकाच असतो. हलगी व कर्ण्याचा आवाज आधी दुरून, मग आठवड्या-आठवड्याने जवळून ऐकवावा. टेंपोत चढण्याची सवयही घरीच लावावी.

चंदीचा मोह

येथे माझीच चूक सांगतो. शाळेत असताना आमच्या घरी हरणी नावाची कुमैत घोडी होती. यात्रेतील प्रदर्शनाच्या आदल्या रात्री, सकाळी तिच्या अंगावर तेज दिसावे म्हणून मी आजोबांना न सांगता तोबऱ्यात दुप्पट हरभरा भरला. मध्यरात्री ती लोळू लागली, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे पाहू लागली. पशुवैद्यकांनी पहाटेपर्यंत उपचार केले. लीद पडली आणि घोडी वाचली; प्रदर्शन अर्थातच हुकले. आजोबा मला काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तोबरा काढून माळ्यावर टाकला.

कारण असे, की घोडा रवंथ करीत नाही. त्याचे पोट लहान असते आणि त्याला ओकारी होत नाही. एकदम जास्त दाणा गेला की पोटशूळ उठतो. तट्टू जातीत खुरांचा दाहही होतो आणि जनावर कायमचे लंगडे होऊ शकते. २५० किलो वजनाच्या तट्टूला दिवसाला ५ ते ६ किलो शुष्क खाद्य लागते. त्यातील बहुतांश भाग गवत व कडब्याचा असावा आणि तो तीन-चार वेळा विभागून द्यावा. काम हलके असल्यास किलोभर चंदी दोन वेळा मिळून पुरते. लसूणघास थोडाच द्यावा. बुरशी आलेला कडबा वर्ज्य करावा. युरियामिश्रित पशुखाद्य देऊ नये आणि कोंबडी खाद्य तर चुकूनही देऊ नये. त्यात कधी कधी असणारे मोनेन्सिन हे औषध घोड्याला प्राणघातक ठरते. खाद्यात कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावेत. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून लस चुकवू नये. प्रदर्शनापूर्वी ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी करून घ्यावी. हा रोग माणसालाही होतो.

स्वाराचे वजन

तट्टूवर तीन वर्षांच्या आत बसू नये. खोगिरासह स्वाराचा भार तट्टूच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा; म्हणजे २५० किलोच्या तट्टूवर ५० किलो. पुढच्या वर्षी हरणी सैल दोरीवर शांत उभी राहिली आणि तिला दुसरा क्रमांक मिळाला. त्यानंतर दोन वर्षांतच माझे वजन या मर्यादेपलीकडे गेले. मला ते कबूल करवत नव्हते. शेवटी धाकट्या चुलतबहिणीला तिच्यावर बसवले आणि दोरी माझ्या हाती राहिली.

प्रदर्शनाहून परतल्यावर तट्टू दोन आठवडे इतर जनावरांपासून वेगळे बांधावे. पाण्याची बादली व खरारा वेगळा ठेवावा आणि रोज सकाळी ताप पाहावा. तो १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्यास किंवा नाकातून घट्ट स्राव येऊ लागल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.