‘बिगिनिंग’, आरंभ आणि उगम : एका संज्ञाभेदाविषयी

इंग्रजीतील ‘बिगिनिंग’ या शब्दासाठी मराठी समीक्षेत आपण कधी ‘आरंभ’, तर कधी ‘उगम’ योजतो. हे शब्द परस्परांच्या जागी बसतात, असा समज त्यामागे असतो. वाङ्मयेतिहासात मात्र या समजामुळे काही प्रश्नांची मांडणीच सदोष होते. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार करावयाचा आहे.

‘ओरिजिन’ हा शब्द ‘उगवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. उद् + गम् यांपासून सिद्ध झालेला ‘उगम’ त्याला जवळचा. ‘बिगिनिंग’ मात्र क्रियापदापासून झालेले नाम असून त्यात कर्त्याला वाव आहे. आ + रभ् यापासून आलेल्या ‘आरंभा’तही ‘हाती घेणे’ हा अर्थ आहे. मराठीचा प्रयोग याला साक्ष देतो. आपण ‘आरंभ करतो’, पण ‘उगम करतो’ असे म्हणत नाही. उगम होतो किंवा पावतो. मुहूर्तमेढही कोणीतरी रोवावी लागते. बोलण्यात इंग्रजी भाषकही हा भेद नेहमी पाळत नाही. परंतु एडवर्ड सैद यांनी ‘बिगिनिंग्ज’ (१९७५) या ग्रंथात तो मूलभूत मानला. त्यांच्या मते ‘ओरिजिन’ दैवी व मिथकात्म, तर ‘बिगिनिंग’ ऐहिक, मानवनिर्मित आणि पुनःपुन्हा तपासता येण्याजोगे असते.

मराठी नाटकाचे उदाहरण घेऊ. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले. तंजावरच्या भोसले राजांनी, विशेषतः १६८४ मध्ये गादीवर आलेल्या शहाजींनी, त्यापूर्वीच मराठी नाटके लिहिली होती. दशावतार, लळित यांची परंपराही होतीच. मग ‘आद्य’ कोण, हा वाद ‘उगम’ शोधण्याच्या आग्रहातून निर्माण होतो. एकाला मान द्यावयाचा तर दुसऱ्याला वगळावे लागते. भाव्यांनी एका विशिष्ट काळी, सांगलीच्या राजाश्रयाने, कर्नाटकी भागवत खेळांच्या धर्तीवर एक उपक्रम हाती घेतला, असे म्हटल्यास तो आरंभ ठरतो. तंजावरचाही आरंभच, पण वेगळ्या दरबाराचा आणि वेगळ्या प्रेक्षकांचा. एका वाङ्मयप्रकाराला अनेक आरंभ असू शकतात.

तात्पर्य, ‘पहिले कोणते?’ या प्रश्नाआधी ‘कशाचा आरंभ, कोणी आणि कोणासाठी केला?’ असे विचारावयास हवे. अध्यापनात एवढे पथ्य पाळले, तरी सनावळीपलीकडचा वाङ्मयेतिहास विद्यार्थ्यांच्या हाती लागेल.