उजनी किती टक्के? आकड्यांवर लक्ष ठेवण्याचं करिअर

जून कोरडा चालला की सोलापुरात सकाळच्या चहाबरोबर एकच प्रश्न निघतो, "उजनी किती टक्के?" पेपरात आकडा असतो, उणे इतके टक्के. बाहेरगावचा पाहुणा चक्रावतो. धरणातलं पाणी उणे कसं असेल? सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी काढतात ती वरच्या उपयुक्त साठ्याची. म्हणजे आकडा शून्यावर येतो तेव्हाही हिशेबाने निम्म्याहून जास्त धरण भरलेलंच असतं. तरीही ते शून्य खोटं नाही, कारण त्या रेषेखाली गेलं की पाणी जपून वापरायची वेळ आलेली असते.

या एका आकड्यामागे तीन निर्णय आहेत. काय मोजायचं, शून्य कुठे धरायचं आणि आकडा घसरला की कोणी काय करायचं. सॉफ्टवेअरच्या जगात हेच तीन निर्णय घेणाऱ्यांना आज पगार मिळतो. या कामाला 'मॉनिटरिंग' म्हणतात, अलीकडे 'ऑब्झर्व्हेबिलिटी' हा शब्दही ऐकू येतो. दहावी-बारावीनंतर "कॉम्प्युटरला घालायचं, पण पुढे काय?" असं विचारणाऱ्या घरांपर्यंत हे क्षेत्र अजून फारसं पोचलेलं नाही, म्हणून हा लेख.

काम नेमकं काय?

नवी पेठेत खरेदी करून तुम्ही क्यूआर कोड स्कॅन करता आणि पैसे जातात. ही यूपीआय यंत्रणा २०१६ मध्ये सुरू झाली. ती चालवणाऱ्या 'एनपीसीआय' या संस्थेचं मुख्यालय मुंबईत आहे. २०२५ मध्ये यूपीआयवर महिन्याला १,८०० कोटींहून अधिक व्यवहार होऊ लागले. एवढा पसारा माणसाच्या डोळ्यांनी तपासता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर स्वतःच आपली नाडी सतत नोंदवत राहतं : किती व्यवहार आले, किती फसले, प्रत्येकाला किती वेळ लागला. या नोंदी म्हणजे 'मेट्रिक्स', आणि त्या आलेखांच्या रूपात एका पडद्यावर मांडल्या की झाला 'डॅशबोर्ड'.

आता "किती व्यवहार फसले?" हा साधा प्रश्न घ्या. ग्राहकाने पिन चुकवला, खात्यात पैसेच नव्हते, तर व्यवहार फसतो. बँकेची यंत्रणा बंद होती, तरी व्यवहार फसतोच. दोन्ही एकाच आकड्यात टाकले तर दुरुस्ती कुठे करायची हे कधीच कळणार नाही. म्हणून एनपीसीआय दर महिन्याला बँकनिहाय आकडे देते तेव्हा हे दोन प्रकार वेगळे ठेवते : 'बिझनेस डिक्लाइन' आणि 'टेक्निकल डिक्लाइन'. ही विभागणी कुणीतरी डोकं लावून केलेली आहे, आणि हेच या पेशातलं खरं कसब आहे.

१२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआय अडखळलं. चौकशीत पुढे आलेलं कारण शिकण्यासारखं आहे. काही बँकांकडून "या व्यवहाराचं काय झालं?" अशा चौकशीच्या विनंत्यांचा पूर आला होता, त्यातल्या काही जुन्या व्यवहारांबद्दल पुन्हापुन्हा येत होत्या. ज्या डॅशबोर्डवर फक्त पैशांचे व्यवहार मोजले जातात, त्यावर असा पूर दिसत नाही. चौकशीच्या विनंत्या वेगळ्या मोजल्या तरच दिसतो. तयार मिळणाऱ्या आकड्यांवर भागत नाही, आपल्या कामाला लागणारे आकडे आपणच ठरवून मोजावे लागतात. त्यांना 'कस्टम मेट्रिक्स' म्हणतात.

मीटर, धरण आणि निकालपत्रक

या आकड्यांचे मुख्य प्रकार घरातल्या उदाहरणांनी समजतात.

पहिला 'काउंटर', घरच्या विजेच्या मीटरसारखा. तो फक्त पुढे सरकतो. मीटरवर ८,४३० दिसलं म्हणून बिल कळत नाही, मागचं रीडिंग वजा करावं लागतं. काउंटरचंही तसंच, महत्त्व त्याच्या वाढीच्या वेगाला.

दुसरा 'गेज', उजनीच्या पातळीसारखा. वर जातो, खाली येतो, आणि या क्षणी किती हे सांगतो. सर्व्हरची भरलेली मेमरी किंवा रांगेत थांबलेल्या विनंत्या गेजने मोजतात.

तिसरा 'हिस्टोग्राम', शाळेच्या निकालपत्रकासारखा : विशेष प्रावीण्यात किती, प्रथम श्रेणीत किती, द्वितीय श्रेणीत किती. इथे मुलांऐवजी विनंत्या असतात आणि गुणांऐवजी लागलेला वेळ.

वर्गाची सरासरी ७० टक्के आली म्हणून मागच्या बाकावरची नापास मुलं पास होत नाहीत. म्हणून इथे सरासरीपेक्षा पर्सेंटाइलवर भर असतो. सीईटीमुळे हा शब्द आपल्या घरात शिरलेलाच आहे. पंच्याण्णवावा पर्सेंटाइल ४ सेकंद आहे, याचा अर्थ शंभरातल्या पंच्याण्णव जणांचं काम ४ सेकंदांत किंवा त्याआधी झालं आणि पाच जण त्याहून जास्त खोळंबले. त्या पाच जणांची दखल घेण्यासाठीच हा आकडा असतो.

काय मोजावं याचं एक चांगलं सूत्र गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ च्या एका पुस्तकात मांडलं. लागणारा वेळ, येणारी वर्दळ, होणाऱ्या चुका आणि यंत्रणा किती भरत आली आहे, या चार खुणा. सुरुवातीला एवढ्या पुरतात.

सोलापुरात राहून काय शिकायचं?

या विषयाची स्वतंत्र पदवी शोधत बसू नका. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी किंवा ऑर्किड महाविद्यालयातलं संगणक अभियांत्रिकी असो, शासकीय तंत्रनिकेतनातली पदविका असो, की अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयातलं बीसीए किंवा बीएस्सी, पाया एकच आहे. लिनक्स, नेटवर्किंग, पायथनसारखी एक भाषा, एसक्यूएल आणि बारावीपर्यंतची संख्याशास्त्राची चांगली समज.

बाकी सगळं घरी, फुकट करता येतं. आकडे गोळा करणारं 'प्रॉमिथियस' २०१२ मध्ये साउंडक्लाउड या कंपनीत सुरू झालं, आलेख दाखवणारं 'ग्राफाना' स्वीडनच्या टॉर्केल ओडेगार्ड यांनी लिहिलं. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, त्यांची अधिकृत माहिती विनामूल्य आहे, आणि मोठमोठ्या कंपन्यांत हीच साधनं वापरतात. सुट्टीतल्या एका महिन्यात हा प्रकल्प करा.

पहिला आठवडा : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, प्रॉमिथियस, नोड एक्स्पोर्टर (लॅपटॉपचे आकडे प्रॉमिथियसला पुरवणारं साधन) आणि ग्राफाना बसवा. लॅपटॉपची मेमरी आणि डिस्क आलेखात दिसू द्या.

दुसरा आठवडा : पायथनमध्ये दुकानाच्या बिलाचा छोटा प्रोग्राम लिहा. त्यात स्वतःचे तीन आकडे घाला : एकूण बिलं हा काउंटर, रांगेतली गिऱ्हाइकं हा गेज आणि एका बिलाला लागलेला वेळ हा हिस्टोग्राम. बिल रोखीचं की यूपीआयचं, असं लेबल लावा. गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर मात्र लेबल म्हणून कधीही लावू नका. प्रत्येक नव्या नंबरागणिक प्रॉमिथियस नवी नोंदमालिका उघडतं, मेमरी भरत जाते, शिवाय लोकांची खासगी माहिती उघडी पडते. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे.

तिसरा आठवडा : आपलाच प्रोग्राम मुद्दाम बिघडवा. डिस्क भरवा, इंटरनेट तोडा, प्रोग्राममध्ये उशीर घाला. डॅशबोर्डवर बिघाड दिसतो का, किती वेळाने दिसतो, हे वहीत लिहा.

चौथा आठवडा : बिघाड झाल्यावर इशारा देणारे फक्त दोन अलर्ट ठेवा. कसोटी एकच : हा अलर्ट रात्री दोन वाजता आला तर उठून काही करावं लागेल का? उत्तर "नाही" असेल तर तो काढून टाका. उठसूट वाजणाऱ्या घंटेकडे पुढे कुणीच लक्ष देत नाही, आणि खरी आग लागते तेव्हाही ती तशीच वाजत राहते.

शेवटी सगळं गिटहबवर ठेवा आणि आपण काय शिकलो ते एका पानात लिहा.

पालकांचे प्रश्न

*महागडा कोर्स लावावा का?* आधी वरचा महिना जाऊ द्या. साधनाची बटणं पंधरा दिवसांत येतात, त्यासाठी कर्ज काढू नका. पाया कच्चा असेल तर शिकवणीचे पैसे लिनक्स आणि नेटवर्किंगवर खर्च करा.

*लगेच नोकरी लागते का?* या कामाचं 'साइट रिलायबिलिटी इंजिनिअर' हे पद नवख्याला थेट मिळणं अवघड असतं. सपोर्ट, टेस्टिंग किंवा बॅकएंडच्या कामातून दोन-तीन वर्षांत तिकडे वळता येतं. सोलापुरात अशा जागा कमी आहेत, पहिली नोकरी बहुधा पुण्यात किंवा बेंगळुरूत. पुढे अनुभव आला की घरून काम करण्याची संधी या क्षेत्रात मिळू शकते.

*रात्रपाळी असते का?* असते, हे लपवण्यात अर्थ नाही. बहुतेक ठिकाणी 'ऑन-कॉल' पाळी आळीपाळीने येते. मुलाखतीतच विचारा : पाळी किती आठवड्यांनी येते, रात्री सरासरी किती अलर्ट येतात? चांगल्या कंपनीला हा प्रश्न आवडतो.

*एआय हे काम खाऊन टाकेल का?* आलेखाची क्वेरी एआय आजच लिहून देतं. पण पिन चुकणं आणि बँक बंद असणं वेगळं मोजायला हवं, हे तिथलं काम आणि तिथली माणसं समजणाऱ्यालाच सुचतं. ती समज वाढवा.

*इंग्रजी कच्चं आहे, जमेल का?* बिघाडाची टिपणं इंग्रजीत लिहावी लागतात, पण अलंकारिक नव्हे. केव्हा काय झालं, काय केलं, काय राहिलं, एवढंच. आधी मराठीत मुद्देसूद लिहायची सवय लावा, ती इंग्रजीतही उतरते.

एक विनंती पालकांना. मुलाचा किंवा मुलीचा डॅशबोर्ड तयार झाला की शेजारी बसा. तांत्रिक काही कळलं नाही तरी चालेल, तीनच प्रश्न विचारा : हा आकडा काय मोजतो? याचं शून्य कुठे आहे? आणि हा घसरला तर तू काय करशील? लेकराने तुम्हाला समजेल अशी उत्तरं दिली, तर ते मुलाखतीत कुणालाही समजावू शकेल. आणि एखाद्या आलेखाबद्दल तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो आलेख तिथेच पुसायला सांगा. उजनीचा आकडा रोज छापला जातो तो सोलापूरकर त्यावरून पाण्याचं नियोजन करतात म्हणून. पडद्यावरच्या प्रत्येक आकड्याने तेवढं तरी कामाला यायला हवं.