स्थौल्यशस्त्रक्रिया : पूर्वकर्म, पश्चात्कर्म आणि व्यायामाचा पुनरारंभ

जठराचा आकार कमी करून वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया आता केवळ महानगरांतील धनिकांपुरती राहिलेली नाही. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा विदर्भातील अनेकांनी या उपचाराचे नाव प्रथमच ऐकले. आज यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा येथील रुग्ण त्यासाठी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठतात आणि चार-पाच दिवसांत घरी परततात. शल्यचिकित्सक मात्र नागपूरलाच, म्हणजे सुमारे १५० किलोमीटरवर राहतो. मध्यरात्री उलटी झाली, पोटरी दुखू लागली किंवा अशक्तपणा वाटला, की रुग्ण येतो तो आपल्या चिकित्सालयात, नाहीतर कोपऱ्यावरील औषधी दुकानात. म्हणून या शस्त्रक्रियेविषयी अनुकूल वा प्रतिकूल मत काहीही असो, तिची माहिती आपणांस असलीच पाहिजे.

चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे आठ दोष सांगितले व अतिस्थूलाची चिकित्सा अतिकृशाच्या चिकित्सेहून कठीण मानली. गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार, रूक्ष उद्वर्तन, व्यायाम, जागरण हे उपाय आपण योजतोच. तरीही काही रुग्णांत स्थौल्याबरोबर मधुमेह, रक्तदाब व झोपेत श्वास अडकणे हे विकार इतके बळावतात, की निव्वळ पथ्याने वेळेत गुण येत नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई व्यक्तींमध्ये २७.५ इतक्या बॉडी मास इंडेक्सपासूनही या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. तो निर्णय तज्ज्ञांनी घ्यावा.

पूर्वकर्म

इजिप्तच्या इमान अहमद यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबईत आणले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगण्यात आले. त्यांच्यावर लगेच शस्त्र चालविले गेले नाही. तीन-चार आठवडे द्रवाहार व भौतिकोपचार दिल्यानंतर मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्यांचे निधन झाले, इतकी ती प्रकृती गुंतागुंतीची होती. पूर्वतयारी किती आवश्यक असते, हे या उदाहरणावरून कळते. सामान्य रुग्णासही शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे अल्पोष्मांकी, प्रथिनयुक्त आहार देतात. त्यामुळे यकृतातील मेद कमी होऊन ते आकाराने लहान होते व शल्यचिकित्सकास जठरापर्यंत पोहोचणे सुकर होते. या काळात "आता पोट कापणारच आहेत, तेव्हा खाऊन घे" असे म्हणणारे नातलग आम्ही पाहिले आहेत. त्यांना समजावणे हेही वैद्याचेच काम होय.

खर्रा हा आपल्या जिल्ह्याचा स्वतंत्र प्रश्न आहे. तंबाखू कोणत्याही रूपात असो, शस्त्रक्रियेच्या किमान सहा आठवडे आधी सुटली पाहिजे. बिडी-सिगारेट नसली की रुग्ण "व्यसन नाही" असे सांगतो, म्हणून खऱ्र्याविषयी नाव घेऊनच विचारावे. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने ती तपासणी झाली आहे काय, हेही पाहावे. भूल देताना ही माहिती फार मोलाची ठरते. दीर्घ श्वसनाचा अभ्यास व रोजचे चालणे आधीपासूनच सुरू करावे. पहिल्यांदा चालायचे ते शस्त्रक्रियेनंतरच, असे होऊ नये.

सर्वांत नाजूक विषय आपल्या औषधांचा आहे. गुग्गुळकल्प, लसूण, हळदीचा अर्क, अश्वगंधा इत्यादींमुळे रक्तस्राव वा भुलेवर परिणाम होण्याची शक्यता लक्षात घेऊन भूलतज्ज्ञ वनौषधी सहसा दोन आठवडे आधी बंद करावयास सांगतात. रुग्ण मात्र "आयुर्वेदिकच तर आहे" म्हणून त्या सांगतच नाही. आपण दिलेल्या औषधांची यादी आपल्याच लेटरहेडवर लिहून द्यावी. वजन कमी करण्याची आठवड्याची इंजेक्शने आता भारतात मिळू लागली आहेत. त्यांनी जठर रिकामे होण्यास विलंब लागतो, म्हणून तीही यादीत हवीत. सुश्रुतांनी उदरादी शस्त्रकर्मे अभुक्त रुग्णावरच करावीत असे सांगितले आहे, त्यामागील कारण येथे वेगळे सांगावयास नको. बिनलेबलच्या पुड्या घेणाऱ्यांबाबत अधिक सावध राहावे. त्यात स्टेरॉईड मिसळलेले असल्यास ते अकस्मात थांबविणे घातक ठरते.

पश्चात्कर्म

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. बायपासमध्ये अन्नाचा मार्गही बदलतो. त्यामुळे प्रथम द्रव, नंतर गाळलेले, मग मऊ व शेवटी घन असा आहारक्रम काही आठवडे चालतो. संसर्जनक्रमाशी त्याचे साम्य वाचकांच्या ध्यानी येईलच. परंतु पेया-विलेपीवरच रुग्णास ठेवणे चुकीचे आहे. येथे दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने अपेक्षित असतात आणि वरणाच्या वरच्या पाण्यात ती अत्यल्प असतात. अंड्याचा पांढरा भाग, ताजे पनीर, दही, घट्ट गाळलेले तुरीचे किंवा मुगाचे वरण, शल्यचिकित्सकाने सांगितलेली प्रथिन पावडर यांचा क्रम लावावा. जेवताना पाणी नको. अर्धा तास अंतर ठेवून घोट-घोट प्यावे.

वमन व विरेचन या काळात वर्ज्य. सतत उलट्या होत असल्यास ते शोधन समजू नये. थायामिनचा अभाव होऊन मेंदूस इजा होऊ शकते. अशा रुग्णास ग्लुकोजची सलाईन थायामिन दिल्याखेरीज लावू नये. आसवारिष्टांतील मद्यांश बायपासनंतर वेगाने रक्तात जातो. अवलेह व च्यवनप्राश यांतील साखरेने घाम, धडधड व जुलाब होतात. कोरडी चूर्णे, विशेषतः अपुऱ्या पाण्यासह इसबगोल, अडकू शकतात. मधुमेहाचे औषध तर पहिल्याच दिवसांपासून कमी करावे लागते. जुना डोस चालू ठेवला आणि त्यात गुडमारही असला, तर साखर घसरून रुग्ण बेशुद्ध पडेल.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. या रुग्णास गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक अथवा आयबुप्रोफेन देऊ नये. बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होऊन रक्तस्राव होतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात. "आता बरे वाटते" म्हणून रुग्ण त्या सोडतो, आणि आपण लोहभस्म किंवा मंडूर देऊन ती उणीव भरून निघेल असे मानतो. तसे मानू नये.

व्यायाम

वाग्भटांनी शस्त्रकर्मविधी अध्यायात व्रण भरून आल्यावरही तो स्थिर होईपर्यंत व्यायाम टाळावा व हा नियम सहा-सात महिने पाळावा असे म्हटले आहे. त्याचा आधार घेऊन काही वैद्य या रुग्णास महिनाभर अंथरुणावर ठेवतात. आमच्या मते हा आधार येथे चुकीचा लावला जातो. तो नियम मोठ्या व्रणांस व श्रमाच्या व्यायामास उद्देशून आहे; दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास त्याच दिवशी चालविले जाते. कारण स्थूल व निश्चल शरीरात पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात गेल्यास मृत्यू ओढवतो.

येथे आमचीच चूक सांगणे भाग आहे. एका रुग्णाची शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात एक पोटरी दुखत होती. वातज शूल समजून आम्ही तैलाभ्यंग सुचविला. त्याच्या मुलाने तेल लावण्यापूर्वी सूज दाखविली, म्हणून आम्ही थांबलो व सोनोग्राफीस पाठविले. शिरेत गुठळी होती. एकाच पायास सूज, धाप, नाडी मिनिटाला १२० च्या वर, ज्वर किंवा डाव्या खांद्यात शूल यांपैकी काहीही दिसल्यास मर्दन नाही, काढा नाही. आधी रुग्णालय, मग शल्यचिकित्सकास फोन. नागपूरला जाण्यापर्यंत वाट न पाहता यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रथम न्यावे.

पहिल्या दोन आठवड्यांत पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्या दिवसातून अनेकदा, त्यानंतर अखंड चालणे हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. अनुलोम-विलोम व दीर्घ श्वसन लगेच चालते. कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान, नौली, मयूरासन, सूर्यनमस्कार हे सहा ते आठ आठवडे व शल्यचिकित्सकाच्या अनुमतीशिवाय नकोत. पोटातील दाब वाढून टाके व छिद्रांच्या जागा सुटू शकतात. पाच किलोहून अधिक ओझेही चार ते सहा आठवडे नको. शेतकरी रुग्णास हे "व्यायाम" या शब्दात सांगून उपयोग नाही. फवारणीचा भरलेला पंप साधारण २० किलोचा असतो, कापूस वेचताना ओटीचे ओझे कमरेला असते. ही कामे नावानिशी लिहून द्यावीत.

दोन महिन्यांनंतर वजनाबरोबर मांसधातूचाही क्षय होत असल्याने चालण्यास बळवर्धक व्यायामाची जोड हवी: भिंतीला टेकून दंड, खुर्चीवरून हातांच्या आधाराविना उठणे, पाण्याच्या बाटल्या उचलणे. प्रमाण अर्धशक्तीचेच. कपाळ व काखेत घाम, तोंडास कोरड आणि तोंडाने श्वास सुरू झाला की थांबावे. वाग्भटांनी अर्धशक्ती व्यायाम बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीस सांगितला. आपला रुग्ण दोन्ही नाही, म्हणून त्या मर्यादेच्याही अलीकडेच सुरुवात करावी. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा चालणे सूर्योदयापूर्वीच. एका वेळी ग्लासभर पाणी पिण्याची क्षमता नसलेल्या या रुग्णास घामाने गेलेले पाणी लवकर भरून काढता येत नाही. लघवी गडद व थोडी झाली तर त्या दिवशी व्यायाम बंद ठेवून घोट-घोट ताक-पाणी द्यावे आणि रक्तदाबाची गोळी चालू असल्यास लगेच तिचा डोस तपासावा.