'टोल' आणि 'बळी' : एका उसन्या शब्दाचा अर्थविचार

परभाषेतील शब्द स्वीकारताना कोणतीही भाषा त्याचे सर्व अर्थ स्वीकारत नाही. गरजेपुरता एखादा अर्थ ती घेते व उरलेले सोडून देते. सोडलेल्या अर्थांची सोय तिच्याजवळ आधीपासूनच होती काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात 'टोल' या इंग्रजी शब्दाच्या आधारे त्याचा विचार केला आहे. मावळ तालुक्यातील उर्से हे गाव त्यासाठी उचित उदाहरण ठरते. २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे हे ग्रामनाम सर्वतोमुखी झाले आहे.

१. इंग्रजीतील अर्थविस्तार

'टोल' या शब्दाची व्युत्पत्ती लॅटिनमार्गे ग्रीक 'तेलोनिओन' म्हणजे जकातघर या शब्दापर्यंत नेली जाते. 'बायबला'च्या नव्या करारात मत्तय जेथे बसलेला असतो, ते ठिकाण मूळ ग्रीकमध्ये हेच आहे. मराठी 'बायबला'त तेथे 'जकातनाका' हा शब्द येतो. म्हणजे 'टोल' मराठीत येण्यापूर्वीच त्याच्या मुळाचे भाषांतर मराठीत झालेले होते.

रस्ता वा पूल वापरण्याबद्दलचा कर हा या शब्दाचा वाच्यार्थ. दळणाबद्दल गिरणीवाला धान्यातून जो हिस्सा काढून घेई, त्यालाही इंग्रजीत 'टोल' म्हणत. पुढे दूरच्या दूरध्वनीसंभाषणाचा आकारही 'टोल' झाला. 'टोल फ्री क्रमांक' हा प्रयोग त्यातूनच आला. जाणाऱ्या-येणाऱ्याकडून काहीतरी सक्तीने काढून घेतले जाते, ही कल्पना या सर्व अर्थांत समान आहे. युद्ध, साथ वा अपघात माणसांचे प्राण 'वसूल' करतो, हा लाक्षणिक अर्थ याच कल्पनेतून सिद्ध झाला.

इंग्रजीत घंटेच्या संथ नादासाठीही 'टोल' हाच शब्द आहे. जॉन डन याच्या १६२४ मधील गद्यचिंतनामुळे आणि त्यातून शीर्षक घेतलेल्या हेमिंग्वेच्या १९४० मधील कादंबरीमुळे तो मृत्यूशी जोडला गेला. कोशकार मात्र हा शब्द स्वतंत्र मानतात. मृतांच्या संख्येसाठी येणारा 'टोल' घंटेचा नव्हे, कराचा आहे.

२. मराठीतील रूप

मराठीने यांपैकी मुख्यतः रस्त्याच्या कराचा अर्थ घेतला. 'पथकर' हा नेमका व निर्दोष पर्याय शासकीय कागदपत्रांत असूनही बोलण्यात 'टोल' रुळला. 'टोला', 'टोलवणे', 'टोलवाटोलवी' ही आघातवाचक शब्दावली मराठीत आधीच होती. घड्याळाचे 'टोले'ही त्याच कुळातले. इंग्रजी शब्दाशी त्यांचा व्युत्पत्तीचा संबंध दिसत नाही, पण या ध्वनिसाम्यामुळे नवा शब्द परका वाटला नाही, असे म्हणता येईल.

हा शब्द मराठीच्या प्रकृतीशी किती एकरूप झाला, हे त्याच्या समासांवरून लक्षात येते. 'टोलनाका', 'टोलमाफी', 'टोलमुक्ती' ही रूपे सहज झाली. 'टोळधाडी'वरून वृत्तपत्रांनी 'टोलधाड' बनवली. 'टोल चुकवणे' म्हणजे न देता निसटणे आणि 'टोल चुकता करणे' म्हणजे पूर्ण देणे. एकाच धातूच्या आधाराने मराठीने दोन विरुद्ध क्रिया व्यक्त केल्या आहेत. शिवाय 'टोलवर थांबू', 'टोलच्या अलीकडे' अशा प्रयोगांत कराचे नाव स्थळाचे नाव होते. 'उर्से टोल' म्हणताना प्रवाशाच्या मनात गाव नसते, नाका असतो. लक्षणेच्या या व्यापारात गावाचे नाव विशेषणापुरते उरते. जकातीच्या बाबतीतही हेच घडले. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ पासून संपली, तरी नाक्यांची नावे बोलण्यात टिकून राहिली.

३. सोडलेला अर्थ

प्राणहानीचा लाक्षणिक अर्थ मात्र मराठीने घेतला नाही. द्रुतगती मार्गावरील अपघाताच्या इंग्रजी वृत्तात मृतांच्या संख्येसाठी 'टोल' हा शब्द येतो. त्याच अपघाताचे मराठी वृत्त 'अपघाताने तिघांचा बळी घेतला' असे सांगते. वरवर पाहता 'बळी' हा यज्ञाच्या वा देवकार्याच्या क्षेत्रातील शब्द, आणि 'टोल' हा महसुलाच्या क्षेत्रातील. पण संस्कृत 'बलि' या शब्दाला देवतेला अर्पण केलेला भाग आणि राजाला दिलेला कर, असे दोन्ही अर्थ आहेत. अशोकाच्या लुंबिनी येथील स्तंभलेखात त्या गावाला 'बलि' माफ केल्याचा निर्देश आहे. म्हणजेच करवाचक शब्दाने प्राणहानी सुचवण्याची सोय मराठीजवळ परंपरेनेच होती. तिने 'टोल'चा हा अर्थ नाकारला तो अभावामुळे नव्हे, तर समृद्धीमुळे.

दोन शब्दांत एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. 'बलि' या कल्पनेत घेण्याबरोबर परत देणेही गृहीत होते. 'रघुवंशा'त दिलीप राजा प्रजेच्या कल्याणासाठीच बलि घेतो आणि त्याला हजारपटींनी पाणी परत देणाऱ्या सूर्याची उपमा दिली जाते. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सीमेवरील अंतपाल मालवाहतुकीवर 'वर्तनी' नावाचा मार्गकर घेतो. वाटेत माल हरवला वा चोरीस गेला, तर भरपाईची जबाबदारीही त्याचीच असते. वर्तनी आणि सुरक्षितता या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या.

४. निष्कर्ष

इंग्रजीत एकच शब्द नाक्यावरील पैसा आणि रस्त्यावर गेलेला जीव या दोहोंना जोडतो. मराठीत 'टोल' पैशापुरता राहिला, तर 'बळी'चा करार्थ विस्मृतीत गेला. त्यामुळे उर्से येथे दिलेला कर आणि त्याच मार्गावर झालेली प्राणहानी यांचा संबंध मराठी भाषकाला शब्दांतून जाणवत नाही. पहिला विषय महसुलाचा ठरतो, दुसरा दैवाचा. 'बळी' या शब्दातील दैवाची छटा अपघाताची जबाबदारी नकळत पुसट करते. 'बळी' हाही मुळात वसुलीचाच शब्द आहे, हे ध्यानात घेतल्यास घेणारा कोण आणि त्याचे उत्तरदायित्व कोणते, हे प्रश्न पुन्हा विचारता येतात. उसन्या शब्दाच्या अभ्यासाने स्वभाषेतील विसरलेला अर्थ हाती लागतो, तो असा.