दोन नकाशांचा मेळ

उंच डोंगराच्या धारेवर दाट धुके उतरले म्हणजे चार पावलांपलीकडचे दिसेनासे होते. अशा वेळी वाट कोठे आणि कडा कोठे, हे डोळे सांगू शकत नाहीत. ते नकाशाने सांगावे लागते. यास्तव डोंगरात जाणाऱ्याचा नकाशा खरा असला पाहिजे. आणि तो खरा आहे किंवा नाही, हे पारखण्याची दृष्टीही त्याच्यापाशी असली पाहिजे.

भूमीचा उंचसखलपणा दाखविणाऱ्या नकाशास स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात. त्यात सारख्या उंचीची स्थळे तपकिरी रेषांनी जोडलेली असतात. या समोच्चरेषा विरळ असतील तेथे उतार सौम्य असतो. दाट असतील तेथे चढ उभा असतो. सह्याद्रीच्या कड्यांपाशी तर त्या एकमेकींना चिकटूनच जातात. पाणी निळ्या रंगाने, वने हिरव्या रंगाने व वस्ती तांबड्या रंगाने दाखविलेली असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर दोन सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील एक किलोमीटर होय.

ही पत्रके सहजासहजी तयार झालेली नाहीत. १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटर लांबीची एक पायारेषा काळजीपूर्वक मोजली. त्या रेषेवर त्रिकोण, त्या त्रिकोणावर दुसरा त्रिकोण, अशी साखळी गुंफीत हे मापन उत्तरेकडे सरकत गेले. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र माणसांनी डोंगरांवर व देवळांच्या शिखरांवर चढविले. नागपूरकडे जात असता १८२३ साली हिंगणघाट येथे लॅम्बटनचा अंत झाला. त्याची कबर आजही तेथे आहे. त्याचे कार्य जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे चालविले. पृथ्वी अगदी वाटोळी नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. या मापनाच्या आधारे एव्हरेस्टने १८३० साली तिच्या आकाराचे गणित मांडले. भारताचे नकाशे पुढे दीर्घकाळ त्याच गणितावर काढले गेले.

आता संगणकावरही नकाशे पाहता येतात. उपग्रहांवरून घेतलेली छायाचित्रे तेथे जोडलेली असतात. त्यांत झाड आणि छप्पर स्पष्ट दिसते. परंतु डोंगराची उंची त्यांतून तितक्या नेमकेपणे वाचता येत नाही. म्हणून जाणते लोक त्या चित्रावर स्थलनिर्देशक नकाशाचे पत्रक पसरतात. अशी पत्रके मिळविणे आता पूर्वीइतके कठीण नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वांसाठी खुल्या नकाशांची एक स्वतंत्र मालिका ठरविण्यात आली, आणि २०१७ साली सर्वेक्षण विभागाने ती पत्रके संगणकावर विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. क्यूजीआयएस नावाची नकाशाप्रणालीही कोणास विनामूल्य वापरता येते.

पत्रक पसरण्याची रीत सोपी आहे. जुने छापील पत्रक असेल तर प्रथम त्याची प्रतिमा संगणकात घ्यावी. पत्रकाच्या चारही कोपऱ्यांवर अक्षांश व रेखांश छापलेले असतात. ते आकडे संगणकास सांगावे. मग तो पत्रक आपल्या जागी नेऊन बसवितो. वरचे पत्रक थोडे पारदर्शक केले म्हणजे खालचे छायाचित्रही दिसू लागते.

खरी परीक्षा येथेच होते. जुने पत्रक बसविल्यावर पुष्कळदा असे आढळते की, देऊळ देवळावर येत नाही आणि संगम संगमावर येत नाही. पुण्याच्या आसपास हा फरक शंभर मीटरांहून अधिक भरतो. मग मोजणी करणारे चुकले काय? नाही. एव्हरेस्टचे गणित भारतभूमीशी जुळेल असे बसविलेले होते. उपग्रहांचे गणित सबंध पृथ्वीशी जुळविलेले असून ते तिच्या मध्यापासून मोजले जाते. दोन्ही मापने आपापल्या ठिकाणी खरी आहेत. त्यांचा आरंभ मात्र वेगळा आहे. पत्रक कोणत्या गणितावर आधारलेले आहे, हे संगणकास सांगितले की तो योग्य तेवढी दुरुस्ती करतो. २००५ नंतरची खुली पत्रके उपग्रहांच्या गणितावरच काढलेली असल्याने त्यांस ही दुरुस्ती लागत नाही.

तरीही पडताळा घेतल्यावाचून राहू नये. दोन नद्यांचा संगम, जुने देऊळ, धरणाची भिंत अशी न हलणारी चार स्थळे निवडावी. सर्व स्थळे एकाच दिशेस सारखीच सरकलेली असतील, तर दोष बहुधा गणिताच्या निवडीत आहे असे समजावे. ती वेगवेगळ्या दिशांस सरकली असतील, तर प्रतिमा वाकडी आली आहे किंवा एखाद्या कोपऱ्याचा आकडा चुकला आहे.

शेवटी नकाशा कागदावर छापून घ्यावा. कारण यंत्राची वीज रानात संपू शकते, कागदाची संपत नाही. छापताना तो कागदात बसावा म्हणून लहान करू नये. तसे केल्यास प्रमाण बिघडते. १:५०,००० च्या नकाशावरील पाच किलोमीटरांची पट्टी मोजून बरोबर दहा सेंटिमीटर भरली पाहिजे.

शंभर मीटर म्हणजे या कागदावर अवघे दोन मिलिमीटर. परंतु सह्याद्रीच्या धारेवर तेवढ्याच अंतरात पाऊलवाट संपते आणि दरी सुरू होते. म्हणून दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत असे दिसले, तर त्यांपैकी एकीस खोटी ठरविण्याची घाई करू नये. त्या दोहोंचा आरंभ कोठे आहे, हे प्रथम शोधावे.

स्वाध्याय
१. समोच्चरेषांवरून भूमीचा उतार कसा ओळखावा?
२. जुने पत्रक छायाचित्राशी का जुळत नाही, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. पडताळ्यासाठी न हलणारी स्थळेच का निवडावी?
४. तुमच्या गावाजवळील अशी चार स्थळे शोधून त्यांची यादी करा.