दोन बाउटच्या मधले दिवस

काल रात्री तू अर्धीच भाकरी घेऊन ताटावरून उठलीस, तेव्हा आईनं माझ्याकडं पाहिलं. मी गप्प बसले. सगळ्यांसमोर बोलले असते तर तू तरातरा गच्चीवर गेली असतीस अन् उरलेला घासही गेला असता. म्हणून आता, आपण दोघीच असताना सांगते. रागावायचं असेल तर शेवटी रागव.

तुझं वर्ष मी तुझ्यापेक्षा जास्त बारकाईनं पाहते, कारण भांडी घासताना अन् कपडे वाळत घालताना तू माझ्यासमोर असतेस. जानेवारीत बॉक्सिंगची स्पर्धा झाली, ५१ किलोच्या गटात तू कशीबशी बसलीस. फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस. रोज रात्री मिठाई, भजी, पाळणे, बाराशिवाय झोप नाही आणि सकाळची धाव बंद. मग मार्चात घरातली दोन लग्नं. मार्च संपता संपता काटा ५७ वर. आता मेच्या शेवटी निवड चाचणी आहे, म्हणून तू एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकचा सूट घालून कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पळतेस. ज्या उन्हात आपल्या परभणीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, त्या उन्हात! वर पाणी मोजून पितेस.

तू जिलेबी खाल्लीस याचा मला राग नाही. उरूस वर्षातून एकदा येतो, खा बाई. भीती वाटते ती या झोक्याची. गावाकडं शेतातल्या मोटारी कशा जळतात, ठाऊक आहे ना तुला? दिवसभर चालून नाही जळत. व्होल्टेज वर-खाली झालं की जळतात.

मी रोज लोकांच्या छातीला ईसीजीच्या वायरी लावते, म्हणून थोडं आतलं सांगते. तू नेमानं सराव करतेस तेव्हा रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाचे कप्पे थोडे मोठे होतात, एका ठोक्यात जास्त रक्त पुढं जातं. म्हणून तर पहाटे तुझी नाडी पन्नाशीत असते. सराव थांबला की दोन-तीन आठवड्यांत हे उतरायला लागतं. त्यात नुकसान काही नाही, शरीर विश्रांती घेतंय. खरी गोची पुढं होते. वजन भराभर परत चढतं त्या काळात रक्तदाब, नाडी, साखर नेहमीच्या पातळीच्याही वर जाऊ शकतात, आणि परत येणाऱ्या वजनात स्नायूपेक्षा चरबी आधी येते. मग त्याच शरीराला एका सोमवारी एकदम जुन्या जोरानं दोरी अन् बॅगवर घालायचं, तेही उपाशीपोटी. असं वर्षातून तीनदा, दहा वर्षं. त्या वर-खाली होण्याचा मार रक्तवाहिन्या खातात.

आपले मोठे काका आठव. तालमीत असताना जत्रेचा हंगाम आला की आखाड्यात उतरायचे. तालीम सुटली, खुराक मात्र सुटला नाही. दूध, तूप, बदाम, मटण तेवढंच, जोर-बैठका शून्य. बावन्नाव्या वर्षी छातीत कळ आली. तेव्हा सगळे म्हणाले, पैलवान माणूस, नजर लागली. नजर कसली? फिनलंडमध्ये १९२० ते १९६५ या काळात देशाकडून खेळलेल्या १८३८ पुरुष खेळाडूंचं पुढचं आयुष्य संशोधकांनी तपासलं, २००६ मध्ये ते छापून आलं. त्यात मुष्टियोद्धे, पैलवान आणि वेटलिफ्टर वेगळे काढले होते, कारण गटासाठी वजन तोडायचं अन् पुन्हा चढवायचं हे त्यांचंच. उंचीच्या मानानं वजन मोजायचा जो बीएमआय असतो, तो विशीपासून पुढं बाकीच्या खेळाडूंचा ३.३ नं वाढला होता, कधी न खेळलेल्या साध्या माणसांचा ४.४ नं आणि या वजन तोडणाऱ्यांचा ५.२ नं. म्हणजे घरी बसलेला माणूस बरा! काकांना हे कुणी सांगितलं नाही. तुला मी सांगतेय.

मोठमोठ्यांनाही हे सुटलेलं नाही. पनामाचा रोबेर्तो दुरान हा गेल्या शतकातल्या सगळ्यात भारी मुष्टियोद्ध्यांपैकी एक. जून १९८० मध्ये त्यानं शुगर रे लेनर्डला हरवलं आणि मग मेजवान्याच मेजवान्या. पाचच महिन्यांत नोव्हेंबरला पुन्हा तीच लढत ठरली. फुगलेलं वजन घाईघाईत उतरवलं, वजन झाल्यावर ताव मारला आणि आठव्या फेरीत हात वर करून लढत सोडून दिली. म्हणाला, पोटात कळा येत होत्या. टायसन फ्युरीनं २०१५ मध्ये जगज्जेतेपद घेतलं आणि नंतर दारू अन् नशेच्या नादात वजन पावणेदोनशे किलोच्या वर नेलं. तो २०१८ मध्ये परतला हे सगळे कौतुकानं सांगतात. मधल्या काळात त्याच्या हृदयानं काय सोसलं, ते कुणी विचारत नाही.

दारूचं तुला सांगायला नको, पण तुझ्या सोबतच्या पोरांना सांग. स्पर्धा संपली की धाब्यावर बसून रात्रभर पिणं, मग दुसऱ्या दिवशी छातीत फडफड. एका दमात भरपूर प्यायल्यानं हृदयाचा ताल बिघडतो. सुट्टीनंतर असे रुग्ण येतात म्हणून १९७८ पासून डॉक्टर त्याला ‘हॉलिडे हार्ट’च म्हणतात. त्यावर उतारा म्हणून एनर्जी ड्रिंक पिणारे शहाणेही आहेत आपल्याकडं.

आता पैलवान विनेश फोगाटचं. ७ ऑगस्ट २०२४, पॅरिस. ५० किलोच्या अंतिम कुस्तीच्या सकाळी काटा शंभर ग्रॅमनं जास्त निघाला, ते तूच मला रडत रडत सांगितलं होतंस. पण त्याआधीची रात्र आठव. उपांत्य कुस्ती जिंकल्यावर वजन पावणेतीन किलो जास्त भरलं होतं. जेवण नाही, पाणी नाही, रात्रभर व्यायाम आणि सौना, शेवटी केस कापले, कपडे आखूड केले. घाम यायचासुद्धा थांबला. तिच्या प्रशिक्षकानं पुढं लिहिलं की त्या रात्री ती मरेल की काय, अशी भीती त्याला वाटली होती. आणि ती मुळात ५३ ची पैलवान, त्या गटात जागा उरली नाही म्हणून खाली आली होती. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतनं दहा तासांत ४.६ किलो उतरवून कांस्य घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचीच भीती वाटते. पदक मिळालं म्हणून ते शहाणपण ठरलं, एवढंच. त्यांच्याभोवती निदान डॉक्टरांचा ताफा होता. तुझ्याभोवती रस्त्यावर कोण असतं?

अंगातलं पाणी गेलं की रक्त कमी आणि दाट होतं, हृदय तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके मारतं. घामाबरोबर मीठ जातं, आणि पोटॅशियम घसरलं की ताल चुकतो. मेडिकलवरून लघवीची गोळी आणून वजन तोडतात ना, त्यात पोटॅशियमच लघवीवाटे जातं. ती गोळी उत्तेजक चाचणीत बंदी असलेली आहे ती वेगळीच गोष्ट. अमेरिकेत नोव्हेंबर-डिसेंबर १९९७ मध्ये सव्वा महिन्याच्या आत कॉलेजचे तीन पैलवान असेच गेले. गरम खोलीत, रबरी सूट घालून, पाणी तोडून व्यायाम करताना. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सौना दोन्हींवर बंदी आली. तू अंगात घालतेस तो प्लास्टिकचा सूट त्याचाच भाऊ आहे. तिथं खोली मुद्दाम तापवावी लागत होती, आपल्याकडं एप्रिल फुकटात आहे.

अजून एक, हे आईला नको कळू देऊस असं तू म्हणालीस म्हणून हळू बोलते. तीन महिने पाळी आली नाही. तुला वाटतं बरंच झालं, स्पर्धेत कटकट नाही. अगं, शरीरानं खर्च भागत नाही म्हणून दुकान बंद केलंय ते. हाडं ठिसूळ होतात हे तू ऐकलं असशील, पण पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचा आधार रक्तवाहिन्यांनाही असतो. शिवाय हृदय हाही स्नायूच. उपासमारीत शरीर दंडाचा स्नायू खातं तसा त्याचाही खातं. वर तुझं हिमोग्लोबिन मागच्या वेळी नऊ होतं. जिना चढताना जी धडधड होते, तिला तू ‘वजन वाढलं म्हणून’ म्हणतेस. ते आधी तपासू.

मला माहितेय ५१ का हवंय. तिथं आपल्या भागात मुली कमी, राज्याला जाणं सोपं, प्रमाणपत्र मिळालं की नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण. हिशेब चुकीचा नाही. पण मेरी कोम ४८ ची असून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५१ ला लढली, कारण तिथं खालचा गटच नव्हता, आणि कांस्य घेऊन आली. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते ८१ किलोच्या वरच्या गटात. वरच्या गटातल्या मुली जोरात मारतात, खरंय. पण पोटभर जेवलेली तूही जोरात मारतेस, मी पाहिलंय.

चाचणीला सात आठवडे आहेत. आठवड्याला अर्धा किलो, ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, ताक सोडायचं नाही, अन् तू आरामात ५४ ला येतेस. सूट मला दे, मी त्याचे तुकडे करून कुंड्यांखाली घालते. पळायचं ते साडेपाचला. स्पर्धेनंतर आठ दिवस खुशाल आराम कर, पण नंतर दोरी अन् चालणं चालू ठेव. वजन ५६ च्या वर गेलं की मला सांगायचं, लपवायचं नाही. रोज उठल्या उठल्या गादीवरच नाडी मोज. नेहमीपेक्षा दहानं जास्त असेल तर त्या दिवशी बॅग नाही. ताप असताना तर मुळीच नाही, विषाणू हृदयाच्या स्नायूपर्यंत जातो कधी कधी. आणि खेळता खेळता चक्कर येऊन पडलीस, छातीत दुखलं, तर ‘उन्हामुळं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. मोठ्या काकांचं नाव सांगायचं डॉक्टरांना, घरातला हृदयविकार त्यांना कळलाच पाहिजे.

सोमवारी माझी सकाळची ड्युटी आहे. दहाला ये, ईसीजी अन् रक्त दोन्ही करून घेऊ. आणि चाचणीचा अर्ज मी टेबलावर पाहिला, गटाचा रकाना अजून कोरा आहे. तिथं ५४ लिही.