'स्थान' आणि स्मरण : महानुभावीय स्थानसंकल्पना व 'स्थानपोथी'

देवस्थान म्हणजे देवाचे राहण्याचे ठिकाण, हा अर्थ मराठी मनात इतका रुजलेला आहे की त्याहून वेगळा अर्थ संभवतो याची सहसा जाणीव होत नाही. मूर्ती घडविली जाते, विधिपूर्वक तिची प्राणप्रतिष्ठा होते आणि त्या क्षणापासून देव तेथे 'आहे' असे मानून पूजा चालते. महानुभाव पंथाने तेराव्या-चौदाव्या शतकांत या कल्पनेला एक मूलगामी पर्याय दिला. त्यांचे 'स्थान' हे देव जेथे आहे ते ठिकाण नसून देव जेथे होता ते ठिकाण होय. या भेदाचे स्वरूप स्पष्ट करणे आणि प्राचीन मराठी गद्याच्या घडणीशी त्याचा असलेला संबंध तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. सन्निधान आणि असन्निधान

महानुभाव तत्त्वज्ञान जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य व परस्परभिन्न पदार्थ मानते. देवता फळ देतात, परंतु मोक्ष देत नाहीत. म्हणून देवतोपासना त्याज्य ठरते. मोक्ष देणारा परमेश्वर तेवढा एक, आणि तो मनुष्यरूपाने अवतार घेतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे पंथाचे पंचकृष्ण होत. अवतार समोर असतो तोवर त्याचे सन्निधान हेच सर्वस्व असते. १२७४ च्या सुमारास चक्रधरांनी उत्तरापंथे गमन केले आणि पुढे काही वर्षांनी रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंचेही देहावसान झाले. तेव्हा अनुयायांपुढे प्रश्न उभा राहिला : देव दृष्टीआड झाल्यावर भक्ताने काय करावे?

या असन्निधानकाळासाठी पंथाने चार साधने मानली : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. स्थान म्हणजे अवतारांच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेली भूमी. प्रसाद म्हणजे त्यांच्या वापरातील वा स्पर्शातील वस्तू. भिक्षुक म्हणजे संन्यस्त अनुयायी आणि वासनिक म्हणजे गृहस्थ अनुयायी. येथे भूमी, वस्तू आणि माणसे एकाच मालिकेत बसविली आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. या चारही गोष्टी पूज्य ठरतात त्या कोणत्याही मंत्रसंस्काराने नव्हे, तर अवताराशी असलेल्या 'संबंधा'मुळे. प्रतिष्ठेच्या जागी संबंध येणे, हे महानुभावीय स्थानाचे पहिले लक्षण होय.

२. ओट्याचे स्वरूप

मूळ स्थान म्हणजे बहुधा एक साधा ओटा. भक्त तेथे दंडवत घालतो, माथा टेकवतो, वस्त्र, विडा, नारळ अर्पण करतो. ओट्यावर पाहण्यासारखे फारसे काही नसते; जे आहे ते आठवण्यासारखे असते. त्यामुळे तेथे घडलेली लीला ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने तो दगडमातीचा उंचवटाच राहतो.

कोणत्या घटनांची स्थाने झाली हे पाहिले असता आणखी एक विशेष दिसून येतो. केवळ चमत्कार वा उपदेश यांचीच ठिकाणे जपलेली नाहीत. स्वामी कोठे बसले, कोठे रात्री वस्तीस राहिले, कोठे दीर्घकाळ त्यांचे अवस्थान झाले, कोठे त्यांनी दात घासले, स्नान केले, भोजन केले, देहधर्म उरकले, अशा दैनंदिन क्रियांची स्थळेही तितक्याच आदराने नोंदली आहेत. परमेश्वर खरोखर मनुष्यदेहाने वावरला, या सिद्धान्ताची ती भौगोलिक साक्ष आहे. अवतार मानावयाचा आणि त्याचा देह मात्र संकोचाने झाकावयाचा, ही तडजोड या परंपरेने केली नाही.

३. पुरावा आणि गद्य

प्राणप्रतिष्ठेने सिद्ध झालेल्या देवळाला साक्षीदार लागत नाही. विधी झाला की पुरे. संबंधाने सिद्ध होणाऱ्या स्थानाला मात्र साक्ष लागते. 'येथेच' हा शब्द कोणी तरी प्रामाण्याने उच्चारावा लागतो. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची निर्मिती याच गरजेतून समजून घेता येते. त्यांनी चक्रधरांच्या सहवासातील व्यक्तींकडून लीळा मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. मूळ पोथी पुढे धाडीत नाहीशी झाल्यावर अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली, असे परंपरा सांगते. उपलब्ध पाठांत 'वासना', 'शोध' अशा खुणांनी वेगवेगळ्या आठवणी शेजारी शेजारी नोंदविलेल्या आढळतात. एक आठवण खरी मानून दुसरी पुसून टाकण्याचा मोह संकलकांनी आवरला आहे.

याच वृत्तीची पुढची पायरी म्हणजे मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेली 'स्थानपोथी'. या ग्रंथात कथन जवळजवळ नाही. गाव, गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे मुख कोणीकडे, चौक, पटिशाळा, पायऱ्या, आणि त्यांत स्वामींचे आसन नेमके कोठे, अशी नोंद येते. वाक्ये तोकडी, क्रियापदे मोजकी, विशेषणे जवळजवळ नाहीत. काव्यदृष्टीने पाहणारा वाचक यास रूक्ष म्हणेल. पण या रूक्षतेमागे एक आर्त गरज आहे : पुढच्या पिढीतील भक्ताने एक हातही इकडे-तिकडे न चुकता त्याच जागी माथा टेकवावा. यादवकालीन व यादवोत्तर गावांची, देवळांची रचना कळण्यास हा ग्रंथ आज उपयोगी पडतो. पण तो लिहिला गेला तो इतिहासासाठी नव्हे, विरहासाठी. नेमकेपणा हा येथे भक्तीचाच प्रकार आहे. पंथाच्या मान्य 'साती ग्रंथां'पैकी 'सह्याद्रिवर्णन' आणि 'ऋद्धिपूरवर्णन' या दोहोंची नावेच स्थलवाचक असावीत, हेही या संदर्भात अर्थपूर्ण ठरते.

४. एक अंतर्विरोध

संन्याशाने नित्य अटन करावे, कोणत्याही गावाची वा जागेची आसक्ती धरू नये, असा चक्रधरांच्या सूत्रांतील आचारधर्म आहे. मग तोच भिक्षुक स्थानांपुढे नतमस्तक होतो तेव्हा तो आसक्तीस बळी पडतो काय? तसेच, देवतापूजेचा निषेध करून ओट्याची पूजा करणे ही मागल्या दाराने आलेली देवतापूजाच नव्हे काय?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर अटनातच सापडते. स्थाने एका जागी नाहीत. गोदावरीच्या तीरावर, वऱ्हाडात, पैठण-डोमेग्रामपासून रिद्धपूरपर्यंत ती विखुरलेली आहेत. ती वंदावयाची तर चालावे लागते. स्थानवंदन भिक्षुकास बांधून ठेवीत नाही, उलट स्वामींच्याच वाटेने त्याला फिरविते. स्थानाचा अंश असलेले पाषाण 'विशेष' म्हणून बाळगण्याची प्रथा तर स्थानालाच प्रवासी करते.

दुसरा आक्षेप इतक्या सहज निकाली निघत नाही. जाळीचा देव यांसारख्या स्थानी बाधा उतरावी म्हणून येणाऱ्यांची गर्दी होते. त्यांपैकी अनेकांना लीळेपेक्षा जागेच्या सामर्थ्याची ओढ असते. अशा वेळी संबंध मागे पडतो आणि शक्ती पुढे येते. म्हणजेच ओटा पुन्हा 'देव जेथे आहे' अशा देवस्थानाच्या दिशेने सरकतो. यास केवळ भ्रष्टता म्हणून झिडकारणे न्याय्य नव्हे. दुःखी माणसाला गेलेल्या देवाची आठवण पुरत नाही, त्याला जवळचा देव हवा असतो. तथापि दोहोंतील फरक पुसला गेला तर पंथाच्या स्थानसंकल्पनेचे वैशिष्ट्यच उरणार नाही.

५. निष्कर्ष

महानुभावीय स्थान हे सान्निध्याचे नव्हे, तर अनुपस्थितीचे देवस्थान आहे, आणि म्हणून ते पोथीवाचून अपुरे राहते. पोथीविना ओटा मुका असतो. उलट, ओटा हरवला तर पोथीतील 'येथे' या शब्दास जागा उरत नाही. सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके झाकलेले हे वाङ्मय विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांपुढे आले. त्याचे संशोधन प्रामुख्याने भाषा आणि पाठ यांभोवती झाले, ते आवश्यकही होते. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याची घोषणा झाली, तेव्हा स्थान आणि वाङ्मय यांचा जुना संबंध नव्याने अधोरेखित झाला. स्थानांचा जीर्णोद्धार होताना ओट्यावर फरशी येते, शिखर येते, मांडणी बदलते. ते श्रद्धेचे स्वाभाविक रूप आहे. परंतु जुन्या मांडणीची नोंद न करता ती बदलणे म्हणजे 'स्थानपोथी'च्या कर्त्याने ज्या विस्मरणाची धास्ती घेतली होती, त्यास वाट करून देणे होय. म्हणून 'स्थानपोथी'चे अध्ययन वर्गात पोथी उघडून जितके करावे, तितकेच ती हाती घेऊन त्या त्या गावी जाऊनही करावयास हवे.